एका नावाची दोन माणसं

वणी, ८ सप्टेंबर २०२५

अतुल,

आईचे आशीर्वाद. ती शेजारी बसून बघते आहे म्हणून लिहिले. माझ्याकडून काही नाही.

फोनवर तू मला अडवून ठेवलंयस म्हणून हे स्पीड पोस्टाने. पोस्टमनला अडवायचं बटण अजून निघालेलं नाही. तुझ्या वास्तुशांतीच्या जेवणात मी तुझ्या साहेबांना सांगितलं होतं, की या मुलाला कॉम्प्युटरच्या झाडातून एक नोड धड काढता येत नव्हता आणि तुम्ही त्याला सॉफ्टवेअर आर्किटेक्ट केलंय. साहेब हसले, तू हसला नाहीस, आणि तेव्हापासून दोन वर्षं आपलं बोलणं बंद आहे. माझं त्यावाचून काही अडलं नव्हतं. आता अडलंय, पण माझं नाही, दुसऱ्याचं.

कॉलेजात असताना तू वंशावळीचा प्रोग्राम लिहिलास आणि पुण्याला जाताना तो शंकरसिंगला देऊन गेलास. त्याच्या अर्ज-कागदपत्रांच्या दुकानात तो अजून चालतो. जातपडताळणीला जाणारी माणसं येतात, घराण्यातली नावं सांगतात, मशीन पणज्यापासून पोरापर्यंतचं झाड छापतं आणि ते प्रतिज्ञापत्राला जोडलं जातं. शंकरसिंग छाती फुगवून सांगतो, "अतुलभाऊनं बनोला हाये. पुन्याचा इंजिनियर हाये तो." पुण्याचं म्हणजे पक्कंच असणार, असं त्याला वाटतं. बिचारा कधी पुण्याला गेलेला नाही.

माझ्या शेजारी मुकुटबनच्या विमलताई राहतात. नवरा कोळशाच्या ट्रकवर असतो. त्यांच्या समीक्षाला नर्सिंगला जागा मिळाली, सरकारी कॉलेजात. त्या घरातली बारावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. प्रवेश हंगामी आहे. एकतीस ऑक्टोबरच्या आत वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर जागा गेली. त्यांच्याकडे जुना कागद एकच आहे, समीक्षाच्या पणजोबांचा, १९४३ सालचा, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. जात त्यात स्वच्छ लिहिलेली आहे. आणि तुझ्या प्रोग्रामने छापलेल्या वंशावळीत पणजोबाच नाहीत. झाड आजोबांपाशी तुटलंय. समिती विचारते आहे की हा १९४३ मधला मुलगा तुमचा कोण?

तुझा प्रोग्राम मी उघडून बघणार आहे. मला मुळीच हौस नाही. दुसऱ्याचं नाक शिंकरून देण्यातला प्रकार आहे हा.

साधना

&nbsp;

वणी, १७ सप्टेंबर २०२५

अतुल,

बघितला. एक तास पुरला. यावरून तुझा प्रोग्राम किती खोल आहे ते समजून घे.

तुझ्या लेखी माणसाची ओळख म्हणजे त्याचं पूर्ण नाव: स्वतःचं, बापाचं, आडनाव. नवं नाव आलं की मुळापासून सुरुवात. अकारविल्हे आधीचं असेल तर डावीकडे, नंतरचं असेल तर उजवीकडे, रिकामी जागा सापडेपर्यंत खाली. बायनरी सर्च ट्री. दुसऱ्या सेमिस्टरचं पोरगं परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करतं ते. आणि नाव अगदी तेच आलं तर काय करायचं, याचीही एक ओळ आहे. ती इथे उतरवत नाही. बघून वैताग येतो.

आता समीक्षाचं घर घे. पणजोबा नागोराव बळीराम. त्यांचा मुलगा बळीराम नागोराव. ते पणजोबा वारले, दोन वर्षांनी नातू झाला, त्याचं नाव ठेवलं नागोराव. म्हणजे तोही नागोराव बळीराम. समीक्षाचा बाप तो. या जिल्ह्यात ज्या घरात आजा गेल्यावर नातू जन्मला, त्या प्रत्येक घरात हेच. तू याच मातीतला. तुला हे ठाऊक नव्हतं?

प्रोग्रामला दुसरा नागोराव दिसला. त्याला वाटलं, हा तर आधीचाच. त्याने पणजोबांचा जन्म पुसून नातवाचा टाकला. आता बळीरामचा बाप कोण? नागोराव बळीराम. तो कोण? तर बळीरामचा मुलगा. म्हणजे बाप आपल्याच पोराचा पोरगा झाला! वर वर जाणारा प्रोग्राम गोल गोल फिरत बसला असणार.

हे तुला तेव्हाच दिसलं होतं. कारण पुढे तू एक अट टाकली आहेस, की वर जाताना एकदा भेटलेला माणूस पुन्हा भेटला तर तिथेच थांब आणि छाप. ती अट तुझीच आहे, तुझी हुशारी आहे. प्रोग्राम लटकतोय ना, मग लटकू नये एवढं बघ. तो का लटकतोय, हे विचारायला डोकं लागतं. समीक्षाचा पणजोबा तू त्या अटीत गाडलास आणि वर जांभई दिलीस.

शोधायचं झाड वेगळं आणि नात्याचं झाड वेगळं. हे ज्याला कळत नाही त्याने भाजीचा गाडा लावावा. नात्याच्या झाडात प्रत्येक माणसाला स्वतःचा नंबर द्यायचा, बापाशी नंबराने जोडायचा, मुलांची यादी त्याच्यापाशी ठेवायची. नावावरून शोधायचं असेल तर बाजूला दुसरं झाड लाव, आणि एका नावाखाली जितके नंबर असतील तितके राहू दे. दोन नागोराव, दोन नंबर. संपलं. त्यात सुरुवातीची नावं तू अकारविल्हे यादीवरून भरलीस, म्हणजे आधीच क्रमाने लावलेली. मग प्रत्येक नाव उजवीकडेच जात राहिलं आणि झाड म्हणून जे उभं राहिलं ते एक लांबच लांब काठी आहे. आणि हा माणूस मुलाखतीत रेड-ब्लॅक ट्रीवर अर्धा तास बोलला म्हणून आई गल्लीभर सांगत होती. झाड आपोआप तोल सांभाळतं म्हणे. तुझं झाड पहिल्या नावापासूनच एका कुशीवर झोपलंय.

तुझं नाव आजोबांवरून ठेवायचं होतं. आईने हट्टाने अतुल ठेवलं. तेव्हा आजोबांचंच ठेवलं असतं, तर निदान स्वतःचं नाव भरताना तुला ठेच लागली असती.

नवी वंशावळ मी करून देईन. पण तेवढ्याने भागत नाही. समीक्षाच्या बापाने आधीच्या छापील झाडावर शपथ घेतली आहे. आता एकाएकी पणजोबा उगवले, तर कागद मिळाला म्हणून माणूस उगवला असंच समितीला वाटणार. प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रतिज्ञापत्र द्यायला हवं, की चूक प्रोग्रामची आहे, या कुटुंबाची नाही. सुनावणी चौदा ऑक्टोबरला. मसुदा सोबत जोडलाय. सही करायला तरी तुला येतं, असं धरून चालते.

साधना

&nbsp;

वणी, २९ सप्टेंबर २०२५

अतुल,

तुझं उत्तर आलं. दोन वर्षांनंतर दोन ओळी. "डेटा एंट्रीची चूक म्हणून ऑपरेटरकडून लिहून घ्या. माझं नाव कुठेही नको, इथे प्रमोशनचं चाललंय." खाली सहीसुद्धा नाही, नुसता अ.

ऑपरेटर म्हणजे मोतीबाई. शंकरसिंगकडे बारा वर्षं टायपिंग करते. तिला तुझी ओळ वाचून दाखवली नाही, तेवढी लाज माझ्यात आहे. नुसतं विचारलं, की त्या घराची नावं तुम्ही कशी भरली? ती म्हणाली, "ताई, म्या दोनी नागोराव टाकले. नातू टाकला का आजा जाये. आजा टाकला का नातू जाये. तीन डाव टाकून पाह्यले. मंग शंकरभाऊ म्हने, मशीन थोडी चुकते, तूच चुकून राह्यली असशीन." बाई बरोबर होती आणि तिला गप्प बसवलं, कारण मशीन पुण्याचं होतं. आता तिच्याचकडून लिहून घ्यायचं की मी चुकले! तू एवढा खाली उतरशील असं वाटलं नव्हतं, आणि तुझ्याबद्दल माझ्या अपेक्षा किती कमी आहेत ते तुला माहीत आहे.

विमलताईंशीही बोलले. घरात दोन नागोराव, मग तुमची गडबड होत नाही का? त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "कायची गडबड? माह्या सासूच्या सासऱ्याचं नाव ते. सासू कशी घेईन तोंडात? म्हून पाळन्यातूनच ह्यायले बापू म्हनते. पूरं मुकुटबन बापूच म्हनते. नागोराव म्हनून हाक मारली तं हे वळूनबी पाह्यत नाही."

ऐकलंस? सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बायांनी नातवाला दुसरं नाव दिलं. प्रत्येक माणसाची वेगळी ओळख ठेवली. कधी शाळेत न गेलेल्या बाईने जे पाळण्यापाशी केलं, ते तुला पदवी घेऊन जमलं नाही. सगळ्या पोटजाती-पोटशाखांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या त्या सासूबाईंना तुमच्या कंपनीत नेऊन बसव आणि तू इथे ट्रक चालव. ट्रकलाही आरसा असतो म्हणा, मागचं दिसतं. तुला तेही नको असेल.

समीक्षा काल आली होती. कॉलेजातल्या बाईंनी तिला सांगितलंय, की कागद येईपर्यंत युनिफॉर्म शिवायला टाकू नकोस. तिने मला विचारलं, "मॅडम, पनजोबा होते हे आपल्याले मशीनले पटोवून द्या लागते काय?"

चौदा तारखेला तुझं प्रतिज्ञापत्र हवंय. विनंती समज किंवा हुकूम, तुझ्या सोयीने.

साधना

&nbsp;

वणी, ७ ऑक्टोबर २०२५

अतुल,

पाकीट मिळालं. वहीच्या पानाची झेरॉक्स पाहिली. ते अक्षर माझं नाही.

साधना

&nbsp;

वणी, ९ ऑक्टोबर २०२५

अतुल,

परवाचं पत्र फाडून टाक. अक्षर माझंच आहे. तसा "ल" जगात दुसरं कोणी काढत नाही.

पण तू पाठवलंस म्हणून मला कळलं, असं समजून खूश होऊ नकोस. मला आधीच माहीत होतं. शंकरसिंगच्या दुकानात प्रोग्राम उघडला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत ती ओळ दिसली, आणि तिच्यावर तू मराठीत टीपही ठेवली आहेस, माझ्याच शब्दांत: समान आल्यास माणूस तोच समजावा, जुनी माहिती पुसून नवी भरावी. सतराच्या पत्रात मी ती उतरवली नाही ती वैतागाने नाही, घाबरून. ओळ पाहिली, खुर्ची मागे सरकवली, मोतीबाईला म्हटलं की पंखा लावा. पंखा चालू होता.

तू सेकंड इयरला होतास. मी नुकतीच कॉलेजात तासिकांवर लागले होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून मी तुला हे शिकवलं, ती ओळ वहीत स्वतः लिहून दिली. वर्गात शिकवायचं तसंच शिकवलं. माझं उदाहरण रोल नंबरचं असायचं. रोल नंबर सत्तावीस पुन्हा आला तर तो सत्तावीसच, त्याचा पत्ता बदलला असेल, नवा टाका. रोल नंबरला ते चालतं. माणसाच्या नावाला चालत नाही, हे सांगायचं मला एकदाही सुचलं नाही. वर्गात साठ पोरं बसलेली असायची, त्यातले चार-पाच तरी आजोबांचं नाव लावणारे असतील. मी हजेरी नंबरानेच घ्यायची.

तू मूर्ख आहेस हे मी मागे घेत नाही. थांबायची ती अट तुझी आहे. मोतीबाईवर ढकलणं तुझं आहे. पण मुळातली चूक तू माझ्याकडून घेतलीस आणि विश्वासाने जशीच्या तशी लिहिलीस. आणि मी पंगतीत चारचौघांत तुझी अब्रू काढली. डिलीट येत नाही म्हणाले. त्या वहीत डिलीट तू बरोबर लिहिलेलं आहेस, परवा त्याच झेरॉक्सच्या खालच्या अर्ध्या पानावर पाहिलं. दोन मुलं असलेला नोड काढायचा तर उजवीकडचा सगळ्यात लहान वर आणायचा. अगदी बरोबर आहे. तेव्हाही बरोबरच असेल. मी नीट पाहिलं नसेल, कारण तू चुकणार हे मी आधीच ठरवलेलं असायचं.

तुझ्या सहीची गरज नाही. सुनावणीला मी जाते आहे. प्रतिज्ञापत्र माझ्या नावाने केलं. तुझं नाव घालणार नाही. प्रमोशन घे आणि गप्प बस. आई बरी आहे.

साधना

&nbsp;

वणी, ३० ऑक्टोबर २०२५

अतुल,

समीक्षाचं प्रमाणपत्र परवा आलं. काल तिने ते कॉलेजात दिलं. विमलताईंनी पेढे आणले आणि मी हातात घेऊन उभी राहिले, कारण त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळं झालं, ताई." आईने खुणावलं तेव्हा खाल्ला.

सुनावणीचं सांगते. समोर एक अधिकारी बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. मी प्रतिज्ञापत्र दिलं, मग कागदाच्या तीन चिठ्ठ्यांवर तीन नावं लिहून टेबलावर मांडली आणि तिसरी चिठ्ठी पहिलीवर ठेवून दाखवली, की प्रोग्राम असं करतो. त्यांना एका झटक्यात समजलं. त्यांनी वरची चिठ्ठी उचलली, खालची बघितली, परत ठेवली. मग बापूंना, म्हणजे समीक्षाच्या बापाला विचारलं, "तुम्ही शपथ घेताना वाचलं नाही, की आजोबा नाहीत?" तो माणूस म्हणाला, "वाचलं ना मॅडम. सांगतलंबी दुकानात. थे म्हने, कंपूटरातून असंच येते. मले वाटलं, सरकारले एवढेच पाह्यजे असन."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. मी निघणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, ही ओळ तुम्ही किती जणांना शिकवली?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच आकडा हवा होता. मी म्हटलं, एकोणीस वर्षं. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

परतीच्या बसमध्ये मी तुला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. सवय आहे. अर्ध्या वाटेवर त्या संपल्या.

मग पंधरा दिवस रोज दुपारी शंकरसिंगच्या दुकानात बसले. त्याने आधी कुरकुर केली, "जे झालं ते झालं ना ताई, काहून उकरून राह्यल्या?" मोतीबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मला खुर्ची दिली. नवा प्रोग्राम बसवला. प्रत्येकाला नंबर, बापाचा नंबर, मुलांची यादी, नावांचं झाड वेगळं. मोतीबाईने पहिलं घर तेच भरलं, मुकुटबनचं, आणि दोन्ही नागोराव जागच्या जागी राहिले तेव्हा ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "पाह्य आता!" हे ती तुला म्हणाली की मला, ते मी विचारलं नाही. जुन्या छापलेल्या वंशावळीही तिने जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या वरून तुटलेल्या आम्ही दोघींनी वेगळ्या काढल्या. एक्केचाळीस निघाल्या. बहुतेकांकडे दुसरे कागद भक्कम होते, त्यांचं निभावलं. सहा जणांचं अजून चालू आहे, त्यांना निरोप दिलेत.

एकीचं निभावलं नाही. राळेगाव तालुक्यातली करुणा नावाची मुलगी, डी.एड.ला लागली होती. गेल्या वर्षी अर्ज फेटाळला गेला, प्रवेश गेला. कारण तेच, आजोबांचा कागद आणि झाडात आजोबा नाहीत. शंकरसिंगला आठवते. बाप दुकानात येऊन पायरीवर बसून राहिला होता म्हणाला. मुलगी आता दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते. अर्ज पुन्हा उघडता येईल का ते मी वकिलाला विचारलंय. गेलेलं वर्ष मात्र कोणी उघडून देणार नाही.

तू पाठवलेलं प्रतिज्ञापत्र काल मिळालं. सुनावणी होऊन गेल्यावर पाठवण्यात काय शहाणपण होतं ते तूच जाण. पण त्यावर तुझी पूर्ण सही आहे आणि थांबायची अट तुझी असल्याचं तू लिहिलं आहेस, ते वाचलं. दोनदा वाचलं. करुणाच्या कामी ते लागेल. पुढच्या वेळी स्टॅम्पपेपरवर समास सोडत जा.

सोमवारी मी तिच्या घरी जाते आहे. तिला सांगायचं आहे, की तू खोटी नव्हतीस, तुझे आजोबा होते, आणि ते आम्ही पुसले. मी आयुष्यभर बोलण्यावर पोट भरलं, पण हे वाक्य मला घरी आरशासमोरसुद्धा पूर्ण म्हणता आलं नाही. राळेगावच्या स्टँडवर साडेदहाला उतरेन, तिथून तिचं गाव सात किलोमीटर आहे. तू आलास तर तुझा भाग तू बोल. नाही आलास तर दोन्ही मी बोलेन.

ताई